स्वप्नाळूपणाचा हिशेब

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



माझं गाव कुंभिवली. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातलं. आमच्याकडे समुद्र नाही, नारळी-पोफळी नाहीत. भाताची खाचरं आहेत आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. पावसाळ्यात ढग खाली उतरले की ती भिंत नाहीशी होते. मग मध्येच ढग फाटतो आणि खंडाळ्याच्या बाजूची नागफणी क्षणभर दिसून पुन्हा बुडून जाते. लहानपणी लावणीच्या दिवसांत मी रोपांची मूठ हातात धरून ते बघत चिखलात उभा राहायचो. शेजारची माणसं दोन ओळी पुढे गेलेली असायची. वडील इरल्याखालून ओरडायचे, "अरे, उभ्या उभ्या झोपलास का? स्वप्नाळू कुठला!"

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा, चिखलात उभा राहून. पुढे शाळेतही ऐकला. पण आमच्या घरात मी एकटाच स्वप्नाळू नव्हतो. माझी थोरली बहीण, आमची ताई, माझ्यापेक्षा जास्त स्वप्नाळू होती. चुलीवर भात ठेवला की जाळाकडे बघत बसायची आणि भात लागायचा. विहिरीवर गेली की पाण्यात पोहरा सोडून तशीच उभी राहायची. फरक एवढाच, की मी तंद्रीत असलो तर आजी म्हणायची, "पोर विचारात आहे, हुशार होईल." आणि ताई तंद्रीत असली तर तीच आजी म्हणायची, "हिचं कामात लक्ष नाही, सासरी कसं व्हायचं!" मला पुढे शिकायला खोपोलीला नातेवाइकांकडे ठेवलं. ताईची शाळा चौथीत सुटली.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या. निवृत्त झाल्यावर मनात आलं, की या एका शब्दाचा इतिहास कोणी पाहतो का? आपण स्वप्नाळूपणाला कधी डोक्यावर घेतो आणि कधी पायाखाली? आणि त्याचा हिशेब कोण चुकता करतं? आज मी त्याबद्दल बोलणार आहे. फार लांब जाणार नाही. कुंभिवलीहून दिसतो तेवढा सह्याद्री, त्याच्या पलीकडची थोडी घाटमाथ्याची गावं, आणि कर्जतच्या लोकलनं जाता येईल तेवढा मुलूख. एवढ्यातच पुष्कळ सापडतं.

आधी आपली भाषा बघा. स्वप्नाळू, दिवास्वप्न, स्वप्नरंजन, मनोराज्य, हवेतले इमले, मनातले मांडे. हे सगळे शब्द आपण कोणाला तरी खाली बसवायला वापरतो. एखाद्या कादंबरीला 'स्वप्नरंजन' म्हटलं की समीक्षकाचं काम संपलं. पण याच भाषेत आणखी एक शब्द आहे, दृष्टांत. 'देवानं दृष्टांत दिला' म्हटलं की ऐकणारा हात जोडतो. खरं म्हणजे दृष्टांत हेही स्वप्नच. मग एकाला मान आणि दुसऱ्याला टोमणा का?

याचं एक उत्तर आमच्या तालुक्यातच आहे. महडचा वरदविनायक तुम्हाला ठाऊक असेल, अष्टविनायकांपैकी एक. माघी गणेशोत्सवाला आम्ही बैलगाडीनं तिथे जायचो. तिथली परंपरा अशी सांगतात, की एका भक्ताला स्वप्नात देवळामागच्या तळ्यात मूर्ती दिसली. शोध घेतला, तर मूर्ती खरोखरच मिळाली. १६९० साली धोंडू पौडकर यांना ही मूर्ती तळ्यात सापडली आणि १७२५ साली कल्याणचे सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधलं, असं तिथे सांगितलं जातं. ही कथा भाविकांनी भक्तीनं ऐकावी. मी इतिहासाचा मास्तर म्हणून तिच्यातली एक गोष्ट बघतो. स्वप्न पडलेला माणूस स्वप्न सांगून थांबला नाही. कोणीतरी तळ्यात उतरलं, चिखलात हात घातला. दृष्टांत हे काम सांगणारं स्वप्न असतं. उठ, अमक्या ठिकाणी जा, अमुक कर. म्हणून त्याला मान.

संत तुकारामांच्या अभंगांत दोन स्वप्नं आहेत. महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध स्वप्नं म्हटली तरी चालतील. पहिल्या स्वप्नात बाबाजी चैतन्य या गुरूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मंत्र दिला. तुकोबांनी त्याची तिथीही सांगितली आहे, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. पण मला त्यातला एक तपशील फार आवडतो. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा म्हणतात, स्वप्नात त्याचा आपल्याला विसर पडला. गुरुदीक्षेचा केवढा तो क्षण, आणि त्यात पावशेर तूप! दुसऱ्या स्वप्नात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि नामदेवांच्या शतकोटी अभंगांच्या संकल्पातलं उरलेलं काम तुकोबांवर सोपवलं. तिथेही विठ्ठल कसा दिसतो? माप धरून बसलेला. किती झालं, किती उरलं, याची मोजदाद करणारा. आणि तो थापटून तुकोबांना सावध करतो.

तुकोबांचं घराणं वाण्याचं. दुकान, माप, तागडी, उधारी यांत ते वाढले. म्हणून त्यांचं स्वप्नही तूप आणि मापाच्याच भाषेत बोललं. स्वप्न हे रोजच्या जगण्यापासून पळून जाणं असतं, असं आपण समजतो. इथे तर रोजचं जगणंच स्वप्नात येऊन बसलं आहे. मराठीतली मोठी कविता यातून उभी राहिली.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लगेच बघायला हवी. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या संत बहिणाबाई तेव्हा कोल्हापुरात होत्या. तुकोबांना त्यांनी पाहिलंही नव्हतं. कीर्तनातून त्यांचे अभंग कानावर पडले होते, तेवढंच. त्यांना तुकोबांनी स्वप्नात उपदेश केला. तुकोबांना मिळाली तशीच ही स्वप्नदीक्षा. पण बहिणाबाईंनी स्वतःच्या आयुष्याची हकिकत अभंगांतून सांगितली आहे. त्यात दिसतं, की कीर्तनाच्या नादामुळे त्यांना आधीच नवऱ्याचा मार खावा लागला होता. आता ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानलं, म्हणून नवरा घर सोडून जायला निघाला. पुढे तो आजारी पडला, त्याचं मन पालटलं आणि दोघं देहूला गेली. तुकोबांनाही छळ सोसावा लागला, पण त्यांच्या स्वप्नावर आज कोणी शंका घेत नाही. बहिणाबाईंना मात्र स्वतःच्या स्वप्नासाठी पहिली परवानगी घरातच मिळवावी लागली.

ही झाली झोपेतली स्वप्नं. कलेतला स्वप्नाळूपणा कसा असतो ते बघायला आमच्या बाजूला एक जागा आहे, ती म्हणजे कोंदाणे लेणी. कर्जतहून कोंदिवड्याच्या बाजूनं जावं लागतं, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची मानतात. पावसाळ्यात गेलात तर वरून पाण्याची धार पडत असते आणि तिच्या आड चैत्याची कमान दिसते. त्या दर्शनी भागाकडे नीट बघा. छोटे सज्जे, कठडे, जाळ्या आणि तुळयांची टोकं. सगळं लाकडी घराचं आहे, पण दगडात कोरलेलं. दगडाला तुळईची गरज नसते, जाळीचीही नसते. तरी त्या कारागिरांनी रोजच्या पाहण्यातलं लाकडी घर डोळ्यांसमोर आणलं आणि काळ्या कातळात ते तसंच्या तसं उतरवलं. मध्ये मध्ये नाचणारी जोडपीही कोरली. भिक्षूंच्या लेण्यात!

तिथेच एका मोठ्या भंगलेल्या मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपलं नाव सांगतो, त्याआधी गुरूचं नाव सांगतो आणि गप्प होतो. मी मुलांना सहलीला तिथे नेत असे. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, यांना दगडात घर दिसत होतं का?" मी म्हटलं, हो, दिसत असणार. नाहीतर पहिला घाव कुठे घालायचा हे कसं कळलं असतं? पण नुसतं दिसून भागत नाही. दिसलेलं रोज सकाळी उठून छिन्नीनं थोडं थोडं बाहेर काढावं लागतं.

आता याच मार्गानं दोन हजार वर्षं पुढे येऊ या. आमची खोपोलीची गाडी कर्जतला मिळते आणि कर्जतहून मुंबईकडे निघालं की नेरळ, शेलू सोडून वांगणी लागतं. या छोट्या स्टेशनला भारतीय चित्रपटाच्या इतिहासात एक जागा आहे. कशी, ते सांगतो.

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी ही हकिकत लिहिली. डोळ्यांपुढे ख्रिस्ताचं चरित्र सरकत होतं आणि मनापुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती. दिवास्वप्नाची याहून चांगली नोंद मला माहीत नाही. समोर एक चित्र आणि आत दुसरंच. चाळिशीतला संसारी माणूस, छापखान्याच्या धंद्यातून बाहेर पडलेला, आणि तो हे बघत बसला! मित्रांना वाटलं, याचं डोकं फिरलं. एकानं तर त्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात न्यायची तयारी केली होती, असं फाळक्यांनीच सांगितलं आहे. सतत चित्रपट बघून आणि प्रयोग करून त्यांची दृष्टीही काही काळ गेली होती.

इथवर हा आपल्या ओळखीचा स्वप्नाळू माणूस. पण पुढे बघा. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. दोन आठवड्यांत हवी ती माहिती मिळवली, कॅमेऱ्याची व्यवस्था केली आणि परत आले. भांडवल घालू शकणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा जागचा न हलवता महिनाभर रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर तो अंकूर पाहता पाहता वर आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' नावाची ती छोटी फिल्म. मी शेतकऱ्याचा मुलगा. राबावर पेरलेलं भात उगवताना मी दरवर्षी बघत आलो. सकाळी काही नसतं आणि चार दिवसांनी हिरवी लव असते. ते उगवताना मात्र कोणालाच दिसत नाही. फाळक्यांनी ते दाखवलं. जादू वाटावी असं चित्र, आणि त्यामागे रोज त्याच जागी, त्याच कुंडीपुढे उभं राहायचा शेतकऱ्यासारखा धीर.

मग 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं. तारामतीच्या कामाला एकही स्त्री तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हेच साळुंके पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी वांगणीला आली. चरित्रकार सांगतात ती गोष्ट अशी, की ढाली, तलवारी, भाले घेऊन गाडीतून उतरलेली माणसं पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. पाटलानं फौजदाराला कळवलं आणि सगळी मंडळी अडकली. फाळके मागाहून पोचले. 'आम्ही सिनेमा काढतो' हे सांगून उपयोग नव्हता, कारण सिनेमा म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यात फिल्म न घालता फौजदारासमोर एक प्रसंग करून दाखवला. तेव्हा सुटका झाली.

हा प्रसंग आपण हसत सांगतो. २००९ साली परेश मोकाशी यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटात हा सगळा काळ रंगवला, तेव्हा प्रेक्षक मनापासून हसले. पण मी वांगणीच्या गावकऱ्यांच्या बाजूनंही विचार करतो. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांपुढे दुसऱ्याचं स्वप्न एकदम तलवारी घेऊन उभं राहिलं, तर त्यांनी काय समजायचं? स्वप्नाळू माणसाचं एक कर्तव्य असतं. आपण काय बघतो आहोत हे न बघणाऱ्याला समजेल असं दाखवणं. फाळक्यांनी चिडून न जाता रिकामा कॅमेरा फिरवून दाखवला, हे मला त्यांच्या मोठेपणाचं वाटतं.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. पण आता हिशेबाची बाजू. या स्वप्नासाठी सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने गहाण पडले. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभं राहणं त्यांच्याकडे होतं. रात्री मेणबत्तीच्या उजेडात कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांच्याकडे होतं. फिल्म धुण्याची रसायनं कालवायचंही त्यांच्याचकडे होतं. दादासाहेब स्वप्न बघत होते आणि सरस्वतीबाई जाग्या होत्या. दोघांपैकी एकानं जागं राहिल्याशिवाय ते स्वप्न पडद्यावर आलं नसतं. दादासाहेबांनी स्वतः त्यांचं ऋण मानलं होतं. आपण मात्र पुष्कळ वर्षं फक्त एकाच नावाचा जयजयकार केला.

आता मी कलेकडून घराकडे वळतो, कारण माझा खरा विषय तिथे आहे. सरस्वतीबाईंसारख्या जाग्या राहणाऱ्या बायकांना स्वतःचं स्वप्नाळूपण कधी मिळालं का? मिळालं, आणि ते सकाळच्या अंधारात, जात्यापाशी मिळालं.

जातं ओढणं हे कष्टाचं काम. खुंटा धरून वरची तळी गोल गोल फिरवायची, मूठमूठ दाणे घालायचे, तास-दीड तास. पण हात एका लयीत गेले की मन मोकळं होतं. त्या मोकळ्या झालेल्या मनातून ओवी आली. माहेर, भाऊ, लेक, पंढरी, राम-सीता, कधी नवऱ्यावरचा राग, कधी स्वतःच्या बाईपणाचं दुःख. दिवसा तोंडातून जे निघू शकत नव्हतं ते पहाटे जात्याच्या घरघरीत निघत होतं. आमच्या वर घाटमाथ्यावर मावळ आणि मुळशी हे तालुके. तिथून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. २०१७ पासून 'पारी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया', त्या लोकांपुढे आणत आली आहे. लाखभर ओव्या! ज्यांना आपण 'कामात लक्ष नाही' म्हणत होतो त्या बायकांचं हे भांडार.

मग जातं थांबलं. का थांबलं याचाही इतिहास आमच्याच दारातून जातो. घाटमाथ्यावर पाणी अडवायचं, नळांतून ते खाली खोपोलीला सोडायचं आणि त्या जोरावर वीज करायची, हे जमशेटजी टाटांच्या मनातलं स्वप्न. ते १९०४ साली वारले. त्यांच्या मुलांनी १९१० साली कंपनी काढली आणि १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वीज गेली मुंबईच्या कापड गिरण्यांना. ते पाणी वीजघरातून बाहेर पडून आमच्या पाताळगंगेला मिळतं. म्हणजे पाणी आमच्या शिवेवरून वाहत होतं आणि उजेड मुंबईला होता. माझं लहानपण चिमणीच्या उजेडात गेलं. मुळशीला तर १९२१ साली धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. धरण झालंच, आणि गावं पाण्याखाली गेली. एकाचं स्वप्न दुसऱ्याच्या खाचरावर उभं राहतं, तेव्हा ज्याचं खाचर गेलं त्याला कोणी विचारत नाही, की बाबा, तुझ्या मनात काय होतं?

पुढे वीज आमच्याकडेही आली आणि तिच्याबरोबर पिठाची गिरणी आली. पायली-दोन पायली दळण डोक्यावरून नेलं की काम झालं. जातं पडवीच्या कोपऱ्यात गेलं. यात मला दुःख करायचा हक्क नाही, हे आधीच सांगतो. जात्याचे गोडवे गाणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी जातं ओढलेलं नसतं. आईच्या तळहाताला घट्टे होते, ते मी पाहिले आहेत. गिरणी आली हे चांगलंच झालं. पण कष्ट गेले तशी ती पहाटेची मोकळी वेळही गेली. तिच्या जागी दुसरी कोणतीही वेळ आपण घरातल्या बाईला दिली नाही.

आणखी एक गोष्ट सांगून मी संपवणार आहे. आमच्या तालुक्यात चौकजवळ, कर्जतच्या वाटेवर, कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला माणूस. 'लगान', 'देवदास' यांची दुनिया त्यांनी उभी केली. 'जोधा अकबर'साठी किल्ल्याचे तट आणि महाल आमच्या डोंगरांच्या पायथ्याशी उभे राहिले. आमच्या पट्ट्यातला एक सुतार मला म्हणाला होता, "सर, पुढून बघा तर आग्रा, मागून बघा तर सगळे आपले वासे आणि फळ्या." मला कोंदाणे आठवलं. तिथे दगडानं लाकडाचं सोंग घेतलं होतं, इथे लाकडानं दगडाचं.

२ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांनी त्याच स्टुडिओत जगाचा निरोप घेतला. त्यांच्यावर मोठ्या कर्जाचा भार होता, हे तेव्हाच्या बातम्यांतून आलं. त्या दिवशी आमच्या भागात बराच वेळ कोणी मोठ्यानं बोललं नाही. त्यांच्या मनात काय होतं याचा तर्क मी करणार नाही, तसा अधिकार कोणालाच नाही. मला एवढंच म्हणायचं आहे, की आपण पुढून किल्ला बघून टाळ्या वाजवतो आणि मागच्या वाशांवर किती वजन आलं आहे ते विचारत नाही. फाळक्यांच्या बाबतीतही हेच झालं. चित्रपटाचा एवढा मोठा धंदा ज्यांनी सुरू केला, ते १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला वारले तेव्हा त्या धंद्याच्या झगमगाटापासून फार दूर होते. स्वप्नाळू माणसाला 'वेडा' म्हणणं ही एक चूक. आणि त्याच्या स्वप्नाचा आनंद घेऊन त्याला एकटं सोडणं ही दुसरी. ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. स्वप्नाळूपणा कामाच्या उलट नसतो. तुकोबांच्या स्वप्नात तुपाचं माप होतं, बलकाच्या कातळात लाकडी घर होतं, फाळक्यांच्या जादूत वाटाण्याचा दाणा होता आणि ओवीत जात्याची घरघर होती. चांगलं स्वप्न रोजच्या कामातून येतं आणि पुन्हा कामातच उतरतं. पण एकाला स्वप्न बघायचं असेल तर दुसऱ्याला त्या वेळी जागं राहावं लागतं. दरवेळी जागं राहायची पाळी एकाच माणसावर येत असेल, तर आपला हिशेब चुकला आहे.

माझा तर चुकलाच होता. मी खोपोलीला पुस्तकं वाचत पडायचो, तेव्हा गावात माझ्या वाटणीची लावणी ताई करत होती. हे मला फार उशिरा कळलं. गेल्या वर्षी भाऊबीजेला तिच्याकडे गेलो होतो. तिला आता ऐकायला कमी येतं. मी जवळ बसून मोठ्यानं विचारलं, "ताई, जात्यावर बसायचीस तेव्हा कसला विचार करायचीस गं?"

ती हसली. म्हणाली, "विचार कसला रे? त्या वेळात मला कोणी हाक मारत नव्हतं, एवढंच आठवतंय."

श्रोतेहो, आज घरी कोणी खिडकीशी उभं राहून बाहेर बघत असेल, तर लगेच हाक मारू नका. चुलीवरचा भात तुम्ही उतरवा.